रविवारच्या वर्गाची वही

(गुरुपौर्णिमेनिमित्त रविवार, १३ जुलै २०२५ रोजी मंदिराच्या सभागृहात बालवर्गाच्या शिक्षिकेनं केलेलं भाषण)



मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? नसेल तर हात वर करा, मी मोठ्यानं बोलते. जन्मभर बालवाडीची बाई होते, आवाजाची कमतरता नाही.

विश्वस्तांनी मला सांगितलंय की रविवारच्या बालवर्गाबद्दल वीस मिनिटं बोला आणि शेवटी निधीचं सांगा. निधीचं मी सांगेनच. पण ज्या वहीसाठी हा निधी मागतोय ती वही कशी झाली, ते आधी ऐका. तिच्यात इथल्या बऱ्याच जणांचे हात लागले आहेत, आणि काहींची नाराजीही आहे. ती मी लपवणार नाही.

आपला वर्ग २०११ साली सुरू झाला. तेव्हा आमचा विचार सोपा होता. पुण्याहून येताना कुणीतरी संस्कारवर्गाच्या पुस्तिकांचा गठ्ठा आणला होता, तोच धरून शिकवायचं. पुस्तिका वाईट नव्हत्या. आपण लहानपणी जे शिकलो तेच त्यांत होतं. पण पहिल्याच धड्यात होतं, सकाळी लवकर उठून अंगणात सडा घालावा. सडा म्हणजे काय, हे सांगण्यातच अर्धा तास गेला. अंगण म्हणजे काय, हे आणखी वेगळं. शेवटी एका मुलानं विचारलं, "शेण? ड्राइव्हवेवर?" आणि तो वर्ग तिथंच संपला. पुढच्या धड्यात चित्र होतं, आई चुलीशी आणि बाबा वर्तमानपत्र वाचताहेत. एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे बाबाच स्वयंपाक करतात, आईची नाइट शिफ्ट असते. तिला वाटलं, आपल्या घरात काहीतरी चुकतंय.

तरी आम्ही तीन वर्षं तेच रेटलं. एकतीस मुलं होती, त्यांची नऊ झाली. २०१४ च्या जुलैत वर्ग बंद करावा असा विषय सभेत आला होता, काहींना आठवत असेल. ठराव झाला नाही, पण झाला असता तर विरोध करणारं फारसं कुणी नव्हतं. मीही गप्पच बसले असते.

त्याच वर्षी आपल्या छताचं काम निघालं आणि आपण सहा महिने पलीकडच्या रस्त्यावरच्या चर्चचा हॉल भाड्यानं घेतला. त्यांचा रविवारचा मुलांचा वर्ग सकाळी दहाला सुटायचा, आपला साडेदहाला भरायचा. त्या वर्गाच्या बाई माझ्याच वयाच्या. पहिले काही रविवार आम्ही एकमेकींच्या खुर्च्या उचलायला मदत केली, मग चहा झाला, मग वह्या निघाल्या. त्यांच्या टेबलावर कापसाचे ढग आणि कापसाच्याच मेंढ्या पडलेल्या असायच्या. मी म्हटलं, तुमचं बरं आहे, तुम्हाला सगळं छापील मिळतं. त्या हसल्या. छापील पेट्या त्यांनी कधीच माळ्यावर टाकल्या होत्या. म्हणाल्या, त्यात वाळवंटात वाढलेल्या मुलांसाठी वाळवंटाच्या गोष्टी लिहिलेल्या असतात, नाहीतर अमेरिकेतल्या मोठ्या चर्चसाठी. आमच्याकडे बारा मुलं आहेत आणि बाहेर पाऊस आहे. त्यांनी स्वतःचा अभ्यासक्रम स्वतः लिहिला होता. हातानं, तीन जाड वह्यांत. मला वाचायला दिल्या.

या देशात रविवारच्या शाळेला मोठा इतिहास आहे. ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स नावाचे एक छापखानेवाले होते, तिथलं वर्तमानपत्र त्यांचंच. आठवडाभर टाचण्यांच्या कारखान्यांत राबणारी मुलं रविवारी रस्त्यावर मोकाट असायची. रेक्सनी १७८० साली त्यांच्यासाठी एका बाईंच्या घरात वर्ग काढला. शिकवायचं काय, तर आधी अक्षरओळख. कारण वाचता आल्याशिवाय धर्मग्रंथ हातात देऊन उपयोग नव्हता. सरकारनं प्राथमिक शाळांचा कायदा केला १८७० साली, म्हणजे त्यानंतर नव्वद वर्षांनी. तोवर या देशातल्या कितीतरी गरीब मुलांना रविवारचीच शाळा होती. लंडनला थेम्सच्या काठी व्हिक्टोरिया एम्बँकमेंटच्या बागेत रेक्स यांचा पुतळा आहे. नातवंडांना घेऊन गेलात तर बघा. मला त्यातलं एवढंच भावलं की समोरच्या मुलाला आज काय हवंय, तिथून त्यांनी सुरुवात केली.

हे मला खरं तर नवीन असायला नको होतं. मी बालवाडीचं प्रशिक्षण घेतलं १९७८ साली, आणि तेव्हा आम्हाला कोसबाडला नेलं होतं. ताराबाई मोडक तोवर गेल्या होत्या, अनुताई वाघ होत्या. मॉन्टेसोरीबाईंची पद्धत ताराबाईंनी आणली, पण ती महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून येणार? म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, दगड यांचीच साधनं केली. मुलं गुरांमागं जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं. आणि तीच मी, इथं येऊन, पुण्याच्या पुस्तिकेतला सडा शिकवत बसले होते. चर्चमधल्या बाईंच्या वह्या वाचताना माझी मलाच लाज वाटली.

मग मी लिहायला बसले. पहिल्या प्रयत्नाचं तुम्हाला हसू येईल. बावन्न रविवारांचे बावन्न धडे. प्रत्येक धड्यात एक श्लोक, त्याचा अर्थ, एक गोष्ट आणि शेवटी तात्पर्य. हिरव्या फायलीत छान लावून ठेवले. आमच्या ह्यांनी सुट्टीत बसून टाइप करून दिले. शाळेचं वर्ष इथं एकोणचाळीस आठवड्यांचं, त्यातून सुट्ट्यांच्या आसपासचे रविवार गेले की हाती येतात बत्तीस-तेहेतीस; तेही मी मोजलं नव्हतं. पण खरा घोटाळा तात्पर्याचा होता. एक सात वर्षांचा मुलगा होता. मी "एकदा काय झालं" म्हटलं की तो लगेच हात वर करायचा आणि म्हणायचा, "बी काइंड!" गोष्ट सुरूही झालेली नसायची. पुढच्या रविवारी म्हणायचा, "टेल द ट्रुथ!" बहुतेक वेळा बरोबर असायचं. त्याला कळलं होतं की बाईंना शेवटी काय हवंय, मग मधली गोष्ट ऐकायची कशाला?

त्या बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, तात्पर्य काढून टाक आणि त्या जागी प्रश्न ठेव. उत्तर तुलाही माहीत नसेल असा प्रश्न. "मला नवल वाटतं की..." असा सुरू होणारा. त्यांच्याकडे गॉडली प्ले म्हणून एक पद्धत आहे, जेरोम बेरीमन यांनी बसवलेली, तिचंही मूळ मॉन्टेसोरीतच आहे. म्हणजे फिरून आम्ही दोघी एकाच अंगणात आलो. दुसरं त्यांनी सांगितलं, एक गोष्ट एका रविवारात संपवू नकोस, तीन रविवार चालव. पहिल्या दिवशी नुसती सांग. दुसऱ्या दिवशी हातानं काहीतरी कर. तिसऱ्या दिवशी मुलांनी तुला सांगावी. या हिशेबानं बावन्नांचे अकरा विषय झाले. एकेचाळीस विषय गाळताना जीव तुटला. पण गाळले.

आता जे सांगते ते मला सांगायला सोपं नाही.

नवी वही घेऊन आम्ही गणपतीच्या गोष्टीनं सुरुवात केली. पार्वतीनं अंगाच्या मळाचा मुलगा केला, दारावर बसवला, शंकर आले, त्यानं अडवलं, त्यांनी डोकं उडवलं, मग हत्तीचं डोकं आणून लावलं. आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकलेली. आपल्याला त्यात काही खुपत नाही. एक आठ वर्षांची मुलगी होती, पुढेच बसायची. तिनं विचारलं, "मग त्यांनी सॉरी म्हटलं का?"

मी म्हटलं, "कोणी?"

"बाबांनी."

आणि मी पटकन म्हणून गेले, "अगं, देवांना सॉरी म्हणावं लागत नाही." बाकीची मुलं हसली. मी पुढं गेले.

पुढचे तीन रविवार ती आली नाही. चौथ्या रविवारी तिची आई एकटी आली, बाहेर व्हरांड्यात थांबली. त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरात काय काय घडलं होतं ते तिनं मला सांगितलं. ते मी इथं सांगणार नाही. एवढंच सांगते की बाबा घरात नव्हते आणि कुणी कुणाला सॉरी म्हटलेलं नव्हतं. त्या मुलीनं सबंध वर्गातून एकच गोष्ट घरी नेली होती, की मोठ्यांना सॉरी म्हणावं लागत नाही. आणि ती तिला देवळात, माझ्या तोंडून मिळाली होती.

त्या रात्री मी गोष्ट पुन्हा वाचली. चाळीस वर्षं सांगत आले होते, पण पार्वतीकडं माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. तिनं ते मुकाट्यानं घेतलं नाही. ती अशी कोपली की त्रैलोक्य घाबरलं. मग शंकरांनी गणांना धाडलं, डोकं आणवलं, मुलाला उठवलं, त्याला गणांचा अधिपती केलं आणि सगळ्यांच्या आधी त्याची पूजा होईल असं ठरलं. म्हणजे झालेलं भरून काढायला वडिलांना किती करावं लागलं! हे आपण "मग हत्तीचं डोकं लावलं" एवढ्या एका वाक्यात उरकतो, कारण आपल्याला मोदकांकडं जायची घाई असते.

वहीत आता त्या जागी चौकट आहे. चौकटीत लिहिलंय, "इथं थांबा. मुलांना विचारा, पार्वतीला काय वाटलं असेल? शंकरांना? दारावर बसलेल्या मुलाला? उत्तर देऊ नका. कुणी गप्प असेल तर गप्प राहू द्या. वर्ग सुटल्यावर त्या मुलाजवळ बसा." पाळीच्या शिक्षकांना मी ही चौकट मोठ्यानं वाचायला लावते. ती मुलगी नंतर आली का, असं तुम्ही विचाराल. आली. मी तिची माफी मागितली, तिच्या आईसमोर. ती "ओके" म्हणाली. दर रविवारी येत नव्हती, अधूनमधून यायची. आता ती इथं राहत नाही.

असो. पाणी घेते जरा.

तर वर्षाची रचना कशी केली ते थोडक्यात सांगते, कारण ती आपोआपच जुळून आली. इथली शाळा सप्टेंबरात उघडते, तेव्हा आपला गणपती. जुलैत बंद होते, तेव्हा आषाढी आणि गुरुपौर्णिमा. मधे नवरात्र, दिवाळी, संक्रांत, महाशिवरात्र, होळी, पाडवा, रामनवमी. इंग्लंडच्या शाळेचं वर्ष जणू आपल्या पंचांगासाठीच बेतलंय! फक्त अधिक महिन्यानं गडबड होते. यंदा गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे, शाळा उघडलेल्याच नसतात. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे ती जाते १४ सप्टेंबरला. म्हणून वहीला पक्की बांधणी नाही, सुट्या पानांना भोकं पाडून दोरी ओवलीय. विषय पुढं-मागं करता येतात.

यंदाचा पहिला वर्ग ७ सप्टेंबरला. म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी! गणपती गेले आणि मुलं आली. त्यात त्या दिवशी चंद्रग्रहण, इथं चंद्र उगवेल तोच ग्रहण लागलेला, आणि दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा. दोन ज्येष्ठांनी मला फोन करून विचारलं, पितृपक्षात वर्ग कसा सुरू करता? मी म्हटलं, शाळा थांबत नाही हो. पण त्यांच्या फोनमुळंच सुचलं. यंदाचा पहिला विषय गणपती नाही, पूर्वज. प्रत्येक मुलानं घरून आजोबा-पणजोबांचा, आजी-पणजीचा एक फोटो आणायचा आणि त्यांचं नाव मराठीत लिहायला शिकायचं. तेव्हा ज्यांची नातवंडं वर्गात आहेत त्यांनी कृपा करून ट्रंका उघडा. फोटो मूळचा देऊ नका, मोबाइलवर काढून द्या. मुलांच्या हाताला डिंक असतो.

भाषेचं विचारतात नेहमी. मुलांना मराठी येत नाही, ही आपली तक्रार. गोष्ट मी अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत सांगते, यात कमीपणा मानत नाही. रेक्सच्या शाळेत अक्षरं आधी होती, तशी आमच्याकडं दर रविवारी तीन शब्द. तीनच. वर्षाला शंभरच्या आसपास होतात. जनाबाईच्या गोष्टीला शब्द होते जातं, दळण, पीठ. एका मावशींनी साताऱ्याहून बोटीनं आणलेलं जातं अजून त्यांच्या गॅरेजमध्ये होतं. दोघांनी मिळून ते हॉलमध्ये आणलं आणि मुलांनी गहू दळले. दहा मिनिटांत हात भरून आले. मग कुणीतरी म्हणालं, आता कळलं तिला विठोबा मदतीला का हवा होता. हे वाक्य मी कुठल्याच वहीत लिहू शकले नसते.

आता नाराजीचा विषय.

आषाढीच्या महिन्यात आम्ही संत घेतो. ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, एकनाथ, तुकाराम. चोखामेळा घ्यायचा की नाही, यावर समितीत दोन बैठका गेल्या. काहींचं म्हणणं, आणि ते वाईट हेतूनं नव्हतं, की इथल्या मुलांना जात म्हणजे काय हे ठाऊक नाही. आपण ते त्यांच्या डोक्यात कशाला घालायचं? मला ते पटत होतं, अर्धं. पण मुलांना ते ठाऊक नाही हे खरं नव्हतं. शाळेत धर्माच्या तासाला हिंदू धर्म म्हटला की जातीचं येतंच. आपल्याच एका मुलाला वर्गात सगळ्यांसमोर विचारलं गेलं होतं, तुझी कुठली? तो घरी येऊन रडला होता. त्याला शाळेत सांगतात आणि देवळात कुणी बोलत नाही. मग मुलगा काय समजेल? की देऊळ काहीतरी लपवतंय.

मी धडा लिहिला. सरळ लिहिला. चोखोबा विठ्ठलाचे भक्त, नामदेवांच्या मेळ्यातले. त्यांना देवळात जाऊ देत नव्हते. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर, नामदेवांच्या पायरीजवळ, समाधी बांधली. आणि मग १९४७ साल. मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, आणि देऊळ सर्वांना उघडलं. चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी. शेवटी प्रश्न ठेवला, "देवळाबाहेर उभं राहून चोखोबा विठ्ठलाला काय म्हणत असतील?"

बैठकीत मी तो वाचून दाखवला. कुणी बोललं नाही. एका सभासदांनी चष्मा काढला, पुसला. आपल्याकडं तीस वर्षं येणारे गृहस्थ, प्रसादाच्या रांगेत नेहमी सगळ्यांत शेवटी उभे राहणारे. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. ते म्हणाले, "माझे आजोबा वारीला जायचे. चंद्रभागेत अंघोळ करायची, चोखोबांच्या समाधीला डोकं टेकायचं, कळस बघायचा आणि परत फिरायचं. देऊळ उघडलं तेव्हा ते थकले होते. माझ्या वडिलांनी त्यांना खांद्यावर बसवून आत नेलं."

तीस वर्षांत आपल्याला हे माहीत नव्हतं. आपण विचारलंच नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

आता तो धडा मी घेत नाही, ते घेतात. खुर्चीवर बसून, कुठलाही कागद न घेता. पहिल्या वर्षी जो मुलगा रडत घरी गेला होता तो समोर बसला होता. त्यानं विचारलं, आजोबा आत गेल्यावर काय म्हणाले? ते म्हणाले, "काही नाही. विठोबा एवढासाच आहे होय, असं म्हणाले." मुलं हसली. तेही हसले. समितीतल्या ज्यांचा विरोध होता त्यांपैकी एकजण आता त्या रविवारी आवर्जून चहा करायला येतात. दुसऱ्यांचा विरोध अजून आहे. ते आज इथं बसलेत, आणि तरीही त्यांनी वहीच्या छपाईचे पैसे दिलेत. याबद्दल मी त्यांचे जाहीर आभार मानते.

यातूनच आम्ही प्रत्येक विषयाला एक आजी किंवा आजोबा जोडायला लागलो. सगळंच सुरळीत झालं असं नाही. एक आजोबा, पत्नी गेल्यापासून घराबाहेर पडत नव्हते. मुलानं जबरदस्तीनं आणलं. बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील करायला शिकवा म्हटलं. हात असा की बघत राहावं! पण जुन्या शाळेतले मास्तर. एका मुलानं कामटी मोडली तर "उलटा टांगून ठेवीन" म्हणाले. मुलाच्या आईनं लेखी तक्रार केली. आजोबा म्हणाले, मी परत येत नाही. दोन आठवडे मी त्यांच्याकडं फेऱ्या घातल्या, शेवटी ते आले, आणि त्या मुलाला त्यांनी शेजारी बसवून घेतलं. त्यांची तऱ्हा बदलली नाही फारशी. पण आता कंदिलाच्या पानावर मी लिहून ठेवलंय, "या वर्गात बारीक आवाजात रागावणे."

त्याचबरोबर तपासणीचं सांगते, कारण अनेक ज्येष्ठ तिथंच अडतात. मुलांबरोबर नियमित काम करायचं तर डीबीएस तपासणी करावी लागते. "या वयात माझी पोलीस चौकशी?" असं मला चार जणांनी विचारलं. अहो, माझीही झालीय. पुजारीबुवांचीही. स्वयंसेवकांना त्याची सरकारी फी पडत नाही, फॉर्म आम्ही भरून देतो. आणि खोलीत कधीही एकटा मोठा माणूस नसतो, दोघं असतातच. यात तुमच्यावर अविश्वास नाही. मुलांनाही सांभाळायचं आणि तुम्हालाही.

आता निधी. विश्वस्त घड्याळ बघताहेत.

आम्हाला तीन गोष्टी हव्यात. पहिली, वहीची छपाई, मोठ्या अक्षरात, म्हणजे शिकवणाऱ्या आजी-आजोबांना भिंग लागणार नाही. दुसरी, रविवारी सकाळी ज्यांना गाडी चालवता येत नाही अशा ज्येष्ठांना घरून आणण्याची आणि वर्गानंतर त्यांच्या जेवणाची सोय. हा खर्च मुलांच्या वर्गाचा की ज्येष्ठांच्या कल्याणाचा, यावर हिशेबनीस आणि मी भांडतो. माझ्या मते दोन्ही एकच. मागच्या हिवाळ्यात आपल्यातले काहीजण आठवडा आठवडा कुणाशी बोलले नव्हते, हे मला रविवारच्या गाडीत बसल्यावर त्यांच्याच तोंडून कळलं. तिसरी, ज्या घरात सध्या ओढाताण आहे अशा घरच्या मुलांना वर्गाच्या सहलीचे आणि साहित्याचे पैसे न मागता घेता यावं. नावं फक्त मला आणि खजिनदारांना ठाऊक असतात.

देणगी देताना गिफ्ट एडच्या फॉर्मवर सही करा. तुमच्या एका पौंडावर मंदिराला सरकारकडून पंचवीस पेन्स जास्त मिळतात. मात्र तुम्ही प्राप्तिकर भरत असाल तरच. ज्यांच्या पेन्शनवर कर कापला जात नाही त्यांनी सही करू नका, नाहीतर फरकाची रक्कम तुमच्याकडं मागतील. आणि ज्यांना पैसे देणं शक्य नाही त्यांनी संकोच करू नका. मला पैशांपेक्षा माणसं कमी पडताहेत.

कारण ऑक्टोबरात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. पाच ते सात वर्षांचा गट मी निदान तीन महिने घेऊ शकणार नाही. त्यांना जमिनीवर बसून शिकवावं लागतं, आणि मी खाली बसले तर मला उठवायला दोन विश्वस्त लागतात. दिवाळीचे तीन रविवार, म्हणजे वहीतली पानं पंधरा ते एकवीस, कुणी घेईल का? पानं सोपी आहेत. रांगोळी, कंदील, आणि बळीराजाची गोष्ट. बळीच्या पानावरही एक चौकट आहे, ती आधी वाचून या.

येत्या रविवारी साडेदहाला मी हॉलमध्ये वह्या घेऊन बसणार आहे. मागच्या दारानं या, पुढचं दार फार जड आहे. चष्मा विसरू नका.